पहिली पट्टी

आमच्या गल्लीत शेवयांचं मशीन एकच, आणि ते हलीमाभाभींचं. वर दोन गुळगुळीत रूळ, त्यातून मळलेल्या पिठाची पट्टी निघते. खाली कातरी, तिच्यातून शेवया. ऊन तापायला लागलं आणि ईद जवळ आली, की आखाडा बाळापूरची आमची अर्धी गल्ली पराती घेऊन त्यांच्या अंगणात. त्या दिवसांत भाभींचा थाट बघावा. तहसीलदारसुद्धा माणसांना एवढं ताटकळत ठेवत नसेल.

यंदा मात्र कुणाचाच नंबर लागेना, कारण मशीन माहेनूरनं अडवून ठेवलं होतं.

माहेनूर ही भाभींची धाकटी. हैदराबादला होस्टेलवर राहून चार वर्षं चित्रकला शिकून आली. चित्रकला म्हणजे आपल्याला वाटतं रंग आणि ब्रश. ही बाई ठसे काढते. पुठ्ठ्यावर बापाच्या दुकानातल्या बारदानाचे तुकडे चिकटवायचे, त्या झाल्या इमारती. शिवायचा दोरा म्हणजे विजेच्या तारा. काडेपेटीच्या काड्या म्हणजे गॅलऱ्या. त्यावर शाई चोळायची, वर ओला कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचं. कॉलेजात त्यासाठी खोलीभर यंत्र होतं म्हणे. इथं अम्मीचं मशीन. रूळ वीतभर रुंद, म्हणून तिच्या चित्रातलं हैदराबादही वीतभर रुंद आणि हातभर उंच. बिचाऱ्या इमारती अंग चोरून उभ्या.

तिथल्याच एका स्टुडिओनं तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बारदानाच्या भावावरून सगळा बाजार अंगावर घेणारे तिचे वडील खाजा मिया घरात एकच वाक्य बोलतात, “अम्मीला विचार.” आणि अम्मी म्हणत होत्या, न्हाई.

एरवी मायलेकी दखनीत भांडतात. मी गेले की मराठीत भांडतात, मलाही भाग घेता यावा म्हणून. माणुसकी आहे त्या घराला.

“मोहिनी, तूच सांग,” भाभी म्हणाल्या. “हिचं शहर बघ. काळं मिट्ट. जिथं एवढा अंधार, तिथं पोरगी काहून धाडायची?”

“अम्मी, शाई काळी आहे ती.”

“मंग दुसरी घ्यायची. बाजारात काय काळीच मिळती व्हय?”

“तू एकदा तरी नीट बघितलंस का?”

“इथून दिसून राहिलं मला बराबर.”

त्या बसल्या होत्या अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. एकही चित्र त्यांनी हातात घेतलं नव्हतं. मला विचाराल तर त्यांना भीतीच वाटत होती. बघितलं तर आवडेल, आणि आवडलं तर पोरीला जा म्हणावं लागेल.

गुरुवारी मी माझी परात घेऊन जाऊनच बसले. म्हटलं, कला नंतर, आधी शेवया. आता आमच्याकडे एक रीत आहे. पहिली पट्टी मशीनची. पिठाचा एक गोळा रुळांतून फिरवायचा, कणभर धूळ असेल ती त्याला लागून येते, आणि तो गोळा शेळ्यांना. ही रीत भाभींनी जन्मात कधी मोडली नाही.

माहेनूरनं नुकतीच पुठ्ठ्यावर शाई चोळली होती. पुठ्ठ्याचं टोक रुळांत अडकवून ती ओला कागद आणायला घरात गेली. तेवढ्यात भाभी माझ्या परातीतलाच गोळा घेऊन पुढं.

“बघ, आली की अक्कल पोरीला,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “रुळाला शाई लागू न्हाई म्हणून पुठ्ठा लावून ठिवला.”

“भाभी, थांबा की!” मी ओरडले. पण त्यांचा हात एकदा दांड्यावर गेला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. गोळा पुठ्ठ्यावर, दांडा गरगर, आणि खालून पट्टी बाहेर. पट्टीवर हैदराबाद.

माहेनूर कागद घेऊन दारात आली आणि तिथंच थिजली. बारदान निघून पिठाला चिकटलं होतं. पुठ्ठ्याची पार वाट लागली होती.

“अम्मी, सगळ्यात चांगला होता तो,” एवढंच म्हणाली. डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाभींच्या दोन्ही तळव्यांवर ती पट्टी लोंबत होती. टाकून द्यायचं त्यांना सुचलंच नाही. सवयीनं त्यांनी ती बाजेवर पसरली, आणि सवयीनंच बोटांनी सरळ करायला लागल्या. सरळ करायची म्हणजे बघणं आलं.

“ह्या काय, पाण्याच्या टाक्या?”

“हां.”

“आन् हे वाळत घातलेले कपडे?”

“हां. समोरच्या चौथ्या मजल्यावरची बाई रोज घालायची.”

“पिळले न्हाईत नीट. ओघळ आलेत बघ.”

ओघळ शाईचे होते. मी हसले. माहेनूर नाक ओढता ओढता हसली. भाभी मात्र हसल्या नाहीत. त्यांचं बोट एकेका मजल्यावरून फिरत होतं, हरवलेलं काहीतरी शोधावं तसं.

“आन् यात तू कुठं हाईस?”

माहेनूरनं एका कोपऱ्यातली चिमुकली खिडकी दाखवली. बाकीच्यांसारखीच काळी.

भाभी उठल्या आणि आत गेल्या. आता रडायला गेल्या की झाडू आणायला, काही सांगता येत नाही त्यांचं. परत आल्या तेव्हा बोटाच्या टोकावर हळद होती. वाकून त्यांनी ती त्या खिडकीत दाबून भरली. अख्ख्या काळ्या शहरात तेवढी एक खिडकी पिवळी झाली.

“चार वर्षं अंधारात बसून काढली का गं?” त्यांनी बोट पदराला पुसलं. “बत्ती लावत जा.”

खाजा मिया तेवढ्यात दुकानातून आले. “काय झालं?”

“माळ्यावरची पेटी काढा. पोरगी चालली.”

खाजा मियांनी तोंड उघडलं, पण खुद्द अम्मीनंच सांगितल्यावर “अम्मीला विचार” कुणाला म्हणणार? ते पेटी काढायला गेले.

भाभी पट्टीच्या कडा सारख्या करत राहिल्या. माहेनूरकडे त्यांनी बघितलंच नाही.

“उद्या फोन कर त्यांना,” म्हणाल्या. “आन् पहिलं हे विचार, खोलीला खिडकी हाय का.”