चिंचेतले खिळे

“खिळागिळा तं नाई ना ठोकला कोनं याले?”

डोमाजीभाऊ कोणत्याही झाडाला करवतीचं मशीन लावायच्या आधी हे विचारायचाच. तार, खिळा, नाल, काहीही. लोखंडावर साखळी गेली की झाड उभं राहतं, माणूस आडवा होतो. बार्शीटाकळीजवळच्या खुशालरावांची चिंच भर अंगणात होती. सोमवारी पोरीला, आचलला, पाहायला पाहुणे येणार. त्याआधी ती पाडायची होती.

“एकबी नाई,” खुशालराव म्हणाले. “काप ना बाबा. पंचनामा करून राहिला का लेका?”

डोमाजीनं झाडाला फेरी मारली. साल वरून साफ होती. पळायची वाट मोकळी केली, मला, त्याच्या हाताखालच्या गड्याला, दोर देऊन लांब उभं केलं अन् पडायच्या बाजूनं खाच घ्यायला लागला. दोन इंच गेला असेल. खण्णकन आवाज झाला, साखळी तुटली अन् त्याच्या उजव्या हातावर आली.

अंगठा मी पालापाचोळ्यातून उचलला. रुमालात गुंडाळून अकोल्याला नेला. जोडता आला नाही.

तिसऱ्या दिवशी खुशालराव दवाखान्यात आले. हातात संत्री. दार लोटलं.

“पोरीले झटके येत होते लहानपनी. भगतानं ठोकले खिळे, म्हनून तं चिंच पाडून राहिलो. कोनाले सांगजो नोको डोमा, लगन मोडीन.”

“मले तं सांगाचं होतं, मालक.”

“तुले सांगतलं असतं तं गावाले समजलं असतं.”

डोमाजीनं पट्टीचा हात चादरीखाली घेतला. मग म्हणाला, “नाई बोलत.”

पाहुण्यांचं येणं आठ दिवस पुढं ढकललं. झाड आता मला पाडायचं होतं. डोमाजी न बोलावता आला. डाव्या हातानं कोयता धरून साल खरवडली, ठोकून पाहिलं, खिळा दिसला की भोवती चुन्याचा गोल. भिंतीपलीकडून बाया पाहायला लागल्या.

“काय करून राहिला बे?” खुशालराव दातओठ खात म्हणाले. “तू बोलनार नोता ना?”

“बोललो काय मी? याचा अंगठा ऱ्हायला पायजे.” त्यानं माझ्याकडे मान केली. अकरा गोल झाले होते.

मी मशीनची दोरी धरली, तशी आचल घरातून बाहेर आली.

“थांबा काका. एक ऱ्हायला.”

खोडाला पाठ लावून ती खाली बसली. डोक्यामागं हात नेऊन बोट टेकवलं.

“इथं. माहे केस बांधून ठोकला होता.”

डोमाजीनं कोयता बाजूला ठेवला, तिच्याजवळ बसला अन् डाव्या हाताच्या नखानं साल काढायला लागला.