सतरा नंबरचा फॉर्म

मी दहावीत गेले त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, कल्याणजवळ मोहन्याच्या आमच्या खोलीत नऊ माणसं राहत होती. खोली एकच. मधे आईच्या जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या अलीकडे बाहेरची खोली, पलीकडे स्वयंपाकघर. बाबा रेयॉनच्या कंपनीत पाळीवर जायचे. पोपटकाका कल्याण स्टेशनला रिक्षा चालवायचा. आई, नंदाकाकू, काकूचे दोन मुलगे, आजी आणि मी. शिवाय आजीचे भाऊ धोंडिबाआजोबा. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवसांसाठी म्हणून ओतूरकडून आलेले, त्याला आता चार वर्षं झाली होती. ते परत कधी जाणार, असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

आमच्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे शाळा सुरू झाली त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "रतनचं वर्ष आहे. घरात आवाज नको."

लोकांनी हे फारच मनावर घेतलं. आई आणि काकू हातवारे करून बोलायला लागल्या. मीठ हवं असेल तर काकू चिमूट दाखवायची, आणि आई तिला हळद द्यायची. धोंडिबाआजोबांना खोकला आला की ते उपरणं तोंडात धरून चाळीच्या टोकापर्यंत पळत जायचे. आजी माळ ओढायची, तीसुद्धा मणी वाजू नयेत म्हणून पदराखाली. काकूची पोरं तर दिवसभर बाहेरच हाकललेली. रात्रपाळी करून आलेले बाबा दिवसा झोपायचे, मधेच उठून सगळ्यांवर "शूऽऽ" करायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे. त्या घोरण्याचं मात्र कुणाला काही करता येत नव्हतं.

मी भिंतीला टेकून पुस्तक उघडायची. आठच्या आठ माणसं माझ्यासाठी श्वास रोखून बसलीत हे कळत असताना डोक्यात एक अक्षर शिरेल तर शपथ.

वर्गात माझ्या शेजारी शुभदा बसायची. तिचे वडील कंपनीत मोठे साहेब, राहायला बंगला. ती म्हणाली, "माझ्याकडे ये की अभ्यासाला. माझी स्वतःची खोली आहे."

मी गेले. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, खिडकीबाहेर गुलाबाची झाडं. शुभदाची आई बिस्किटं ठेवून, दार लोटून गेली. इतकी सुंदर शांतता मी कधी ऐकली नव्हती. दहा मिनिटांत मला झोप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. तिसऱ्या दिवशी शुभदानेच मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "रतन, तू घरी झोपत नाहीस का गं?"

घरी आल्यावर मी पडदा सारला आणि सगळ्यांसमोर उभी राहिले.

"बोला हो सगळे," मी म्हटलं. "भांडा, खोका, भांडी आपटा. मला या गप्प घरात अभ्यास होत नाही."

आजीने पदराखालून माळ बाहेर काढली. "देवा, सुटले गं बाई," ती म्हणाली. "घुसमटले व्हते."

त्या दिवसापासून घर पुन्हा वाजायला लागलं. आता अडचण एवढीच, की मनात वाचलेलं माझं मलाच ऐकू यायचं नाही. म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. शाळा सकाळची असायची. दुपारी जेवणं उरकली की मी पडद्याला लागून बसायची आणि स्टोव्हच्या आवाजावर आवाज चढवून इतिहास, भूगोल, विज्ञान, जे हाताला लागेल ते वाचायची. दहावी माझी होती, पण ऐकत सगळं घर होतं.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मी पुस्तक मिटून भूगोलाचं उत्तर म्हणून बघत होते. काळ्या मातीत ओलावा टिकून राहतो, इथवर आले आणि पुढचं काही केल्या आठवेना. पडद्यापलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो न थांबता काकूचा आवाज आला, "उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि ती बेसाल्ट खडकापासून बनते."

मी पडदा बाजूला केला. काकूचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"काकू, तुला कसं माहीत?"

"अगं, तूच चार दिवस ओरडतेयस." ती ओशाळून हसली. "आणि भेगांचं काय, आमचं रान काळंच आहे. तो बेसाल्ट तेवढा नवीन."

मग मी तिला मुद्दामच विचारायला लागले. तिला सगळं येत होतं. सगळं म्हणजे, मी जेवढं मोठ्याने वाचलं होतं तेवढं. मी वाचताना एखादं वाक्य गाळलं तर ती तिथेच धरायची. प्रकाशाचा धडा मला समजत नव्हता, तेव्हा तिने वेणी घालायचा आरसा उन्हात धरून कवडसा भिंतीवर पाडला. आरसा हळूहळू कलता करत म्हणाली, "बघ, ऊन जेवढं तिरकं आत येतं, तेवढंच तिरकं बाहेर जातं. एवढंच तर लिहिलंय त्यात." कवडसा झोपलेल्या बाबांच्या नाकावर गेला आणि ते शिंकत उठले.

तेव्हा मला कळलं की काकू सातवीपर्यंत शिकलेली होती. सातवीत शाळेत पहिली आली, आणि त्याच वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली. धाकटी भावंडं कुणी सांभाळायची? दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. हे ती सांगत होती ते मेथी निवडता निवडता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. भूगोलाच्या पेपरात काळ्या मातीवर प्रश्न आला आणि मी तो काकूच्या आवाजात लिहिला. जूनमध्ये निकाल लागला, मला अडुसष्ट टक्के पडले. बाबांनी चाळीत पेढे वाटले. मी पेढे घेऊन वर्गाच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, "बाई, यातले निम्मे मार्क आमच्या काकूचे."

बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, मग तिला बसव ना. बाहेरून बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. मीच देते तुला."

मी तो फॉर्म घरी आणून, सगळे जेवायला बसलेले असताना मधोमध ठेवला. काकूने तो वाचला, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सारला.

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली. "चौतिसाव्या वर्षी?"

काकाने घास अर्धा ठेवला. "दोन पोरांची आई परीक्षेला बसणार? अरे, स्टँडवरचे हसतील मला. मी नववी नापास, आणि बायको मॅट्रिक!"

"हसू देत की," आई म्हणाली. ती काकाशी कधी वर मान करून बोलायची नाही, म्हणून सगळे बघायला लागले. "सकाळचं पाणी, दोन्ही वेळच्या भाकरी माझ्याकडे. नंदा, तू बस."

"वहिनी, तसं नाही..."

"पोपट," आजी म्हणाली. "तू चार डाव नववीला बसलास. तवा ह्या घरात कुनी हसलं का तुला?"

"नाही आये."

"मग तिला एक डाव बसू दे. जेव आता."

काका जेवला. पण दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच उठून, लांबचं भाडं आहे म्हणून बाहेर पडला. रिक्षा मात्र दारातच उभी होती, हे पहिल्यांदा आजोबांच्या लक्षात आलं. "भाड्याला गेला तो चालत गेला की काय?" ते म्हणाले. दिवसभर त्याचा पत्ता नव्हता. काकू चार वेळा दारात जाऊन आली.

तिन्हीसांजेला काका आला, तो धुळीने पांढरा होऊन. एस्टीने माळशेज घाट चढून ओतूरला गेला होता. काकूच्या माहेरच्या शाळेत. फॉर्मला सातवीचा दाखला लागतो हे त्याने त्या घडी घातलेल्या कागदावर वाचलं होतं, आणि दाखला आणायचं कुणाला सुचायच्या आत जाऊन घेऊनही आला होता.

त्याने खिशातून कागद काढून काकूपुढे धरला. "हेडमास्तर म्हणाले, एकवीस वर्षांनी कुणी दाखला न्यायला आलेलं पहिल्यांदाच बघतोय. त्यांनी मला चहा पाजला. आणि हे वाच, काय लिहिलंय. प्रगती उत्तम. वर्तणूक उत्तम." मग म्हणाला, "माझ्या दाखल्यावर वर्तणूक बरी असं लिहिलेलं."

काकू कागद घेऊन पडद्यामागे गेली. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला आणि तिने सगळ्यांसाठी चहा टाकला.

आता वाचायची पाळी घरादाराची होती, कारण काकूचे हात कामात असायचे. मी कॉलेजातून आले की बीजगणित घ्यायची. पाटीवर गणित मांडून ती पाटी मोरीसमोर उभी करायची, म्हणजे भांडी घासता घासता तिला दिसायची. आजोबा ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ पुस्तक धरून इतिहास वाचायचे आणि लढाई आली की आवेशाने उभेच राहायचे. बाबा पाळीवरून आले की नागरिकशास्त्र. काकूचा धाकटा मुलगा आईचे पाढे घ्यायचा आणि चुकली की तिच्या पाठीत धपाटा घालायचा. ती सूट त्याला फक्त पाढ्यांपुरती होती. शेजारच्या मालनबाई पिठाची वाटी मागायला यायच्या, त्याही चार सनावळ्या ऐकूनच जायच्या.

इंग्रजी मात्र कुणालाच धड येत नव्हतं. काका स्टँडवरून एकेक शब्द जमवून आणायचा. "सुट्टे नाहीत म्हणजे नो चेंज," तो सांगायचा. पेपरात ते विचारतील असं काही वाटत नव्हतं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी आणि काका काकूला कल्याणच्या केंद्रावर सोडायला गेलो. ती हिरवी साडी नेसून, पट्टी-पेन रुमालात बांधून फाटकातून आत निघाली, तर शिपायाने अडवलं. "बाई, पालकांनी बाहेर थांबायचं."

काकूने हॉल तिकीट दाखवलं. शिपायाने ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला होत म्हणाला, "जावा मॅडम." काकाने आजूबाजूला बघितलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणीच हसत नव्हतं.

जूनमध्ये निकाल आला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत एकतीस. चार मार्कांनी गेली.

त्या दिवशी आमच्या घरात कुणीही न सांगता शांतता झाली. काकू भिंतीकडे तोंड करून बसली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी काका उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अगं, मी तर सगळ्याच विषयांत जायचो. तू एकातच गेलीस. ऑक्टोबर आहे की."

काकू रडता रडता हसली.

या वेळी मी शुभदाकडे गेले. ती ऐकून नाचायलाच लागली. "मी येते," म्हणाली. "रोज येते." आणि खरंच आली. जुलै ते सप्टेंबर, पावसात छत्री सांभाळत. पहिल्या दिवशी कुठे बसावं हे तिला कळेना, तेव्हा आजीने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. दोन आठवड्यांत ती आमच्यात अशी मुरली, की भाकरी तव्यावर असतानाच स्वतःचं ताट घ्यायची. काकूला तिने निबंध शिकवला, पत्र शिकवलं, आणि दुपारच्या वेळी आमच्या घरात सगळ्यांनी इंग्रजीत बोलायचं असा नियम केला. आजोबांना एकच शब्द येत होता, 'थँक्यू'. पाणी दिलं तरी थँक्यू, नाही दिलं तरी थँक्यू.

ऑक्टोबरच्या परीक्षेत काकूला इंग्रजीत चव्वेचाळीस मार्क पडले.

मार्कलिस्ट घरी आली त्या दिवशी काकाने रिक्षा धुऊन काढली आणि आजीला, काकूला घेऊन दुर्गाडीला देवीच्या पाया पडायला गेला. ते परत येईपर्यंत आईने पुरणपोळ्या केल्या. आमच्याकडे जागा कमी, म्हणून दोन पंगती व्हायच्या: आधी पुरुष आणि मुलं, मग बायका. त्या दिवशी आईने पहिल्या पंगतीत मधलं पान काकूचं मांडलं. काकू बसेना. बसवली तर मीठ वाढायला उठली. पुन्हा बसवली तर तुपाची वाटी आणायला उठली.

"नंदे, खाली बस," आजी म्हणाली. "आज तुला कुनीतरी वाढंल."

घरात वाढायला बायकाच होत्या, पण आईने पोळ्यांची परात काकाच्या हातात दिली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पुरणपोळी वाढली, ती मधे फाटली आणि अर्धी पानाबाहेर पडली. काकूने ती उचलून पानात घेतली. मार्कलिस्ट तिने मांडीवर पदराखाली ठेवली होती, तुपाचा हात लागू नये म्हणून. शेजारी धोंडिबाआजोबा, पलीकडे तिची दोन पोरं, समोर बाबा, दारात ओटीवर शुभदा आणि मालनबाई. कोपराला कोपर लागत होतं. मी तिच्या मागे उभी राहून पाण्याचा तांब्या फिरवत होते, आणि या एवढ्याशा खोलीत आपण वाढलो याबद्दल देवाचे आभार मानायचे तर कोणत्या शब्दांत, याचा विचार करत होते.

"काकू, जेव ना," मी म्हटलं.

"जेवते गं," ती म्हणाली, आणि काकाकडे बघून म्हणाली, "अहो, तूप विसरलात."

काका तूप आणायला धावला.