बेरीजसर

"आता टाक ताडपत्री सौर पॅनेलवर!" बेरीजसर जिन्यातून ओरडले.

"अहो, मघाशी तुम्हीच काढायला लावलीत," बायको गच्चीवरून म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करा."

"एका वेळी एकच बघायचं. ऊन असताना चार्जर बंद, चार्जर असताना ऊन बंद. मग बेरीज."

तंत्रशाळेत सरांनी जन्मभर हेच शिकवलं. सर्किटला वीज दोन ठिकाणांहून मिळत असेल तर एकेका ठिकाणचा प्रवाह वेगळा काढायचा आणि शेवटी मिळवायचा. पोरांनी ठेवलेलं नाव त्यांना मनातून आवडायचं.

निवृत्तीनंतर ही विद्या आईच्या कामी येणार होती. आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, तिचा श्वास बॅटरीवरच्या यंत्रावर चालायचा. वीज सारखी जायची आणि बॅटरी अर्धीच भरायची. म्हणून सरांनी सौर पॅनेल आणलं आणि चार्जरचा नि पॅनेलचा प्रवाह एकाच वायरीतून, कपाटामागून, बॅटरीपर्यंत नेला. एक बारीकशी वायर घरात पडलेलीच होती, तीच वापरली. बायको म्हणाली, इलेक्ट्रिशियनला दाखवा. सर उखडले, "माझ्याच हाताखालून गेलेल्या पोरांना विचारू?"

त्यांनी वायरीला हात लावून पाहिला. नुसत्या उन्हावर कोमट. नुसत्या चार्जरवरही कोमट. "कोमट आणि कोमट मिळून फार तर गरम," असं म्हणून त्यांनी दोन्ही चालू केले.

पेपरात पोरांनी हीच चूक केली की सर लाल रेघ ओढायचे. बेरीज प्रवाहांची होते, उष्णतेची नाही. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. पण घरात फळा नव्हता, घाई होती आणि बायकोसमोर हुशारी मिरवायची होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"आई, आता खुशाल जाऊ दे वीज," सर म्हणाले. आईने पापण्या हलवल्या. तिला बोलता येत नव्हतं.

दोघं पुढच्या खोलीत चहाला बसले.

"कसला हो वास येतोय?"

"नवीन जोडणी आहे. येतो थोडा."

"प्लास्टिक जळल्यासारखा येतोय. बघून तरी या."

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय." सरांनी कप पुन्हा भरून घेतला. चहा छान झाला होता. मग त्यांच्या लक्षात आलं, मागच्या खोलीतली यंत्राची घरघर थांबली आहे.

कपाटामागे वायरीचं वेष्टण वितळून आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. बॅटरीसकट सगळं ठप्प. सरांनी वायर हातानेच उपटली, तळव्याची कातडी तिलाच चिकटून राहिली. यंत्र काही सुरू झालं नाही. आईचे डोळे उघडेच होते, दाराकडे लागलेले.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "वय झालं होतं त्यांचं. मनाला लावून घेऊ नका."

"वायर बारीक होती, डॉक्टर. मी टाकली होती. आई माझ्यामुळे गेली."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

सर पांघरूण वर ओढायला वाकले, पण भाजलेल्या बोटांत त्याचं टोक धरता येईना. बायकोने त्यांना हलकेच बाजूला सारलं, सासूचे डोळे मिटले आणि पांघरूण स्वतःच्या हाताने वर घेतलं.