मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या पाठीवर तशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. मी एक जुना श्वासमापक आहे. माझ्या नळीत फुंकलं की माणूस दारू प्यायला आहे की नाही, ते मी आकडा दाखवून सांगतो.

कारखान्यात माझी जुळणी झाली आणि तिथून मी थेट डॉक्टरबाईंच्या टेबलावर आलो. बाई व्यसन सोडवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ. "एवढं शिकून दारुड्यांच्या नादी लागलीस," असं त्यांची आई म्हणायची. बाई ते हसण्यावारी न्यायच्या. गोळ्या कमी आणि बोलणं जास्त, अशी त्यांची रीत. आणखी एक रीत मला फार आवडायची. पेशंट आला की आधी त्या स्वतः फुंकायच्या, मग नळी बदलून मला पुढे करायच्या. "आधी मी, मग तुम्ही," म्हणायच्या. त्यामुळे समोरच्याला आपल्याला चोर ठरवलंय असं वाटत नसे. नातेवाईकांना मात्र त्या बजावायच्या, "त्याच्या वतीने सबबी सांगू नका. मशीन काय म्हणतंय ते बघा." तेव्हा माझी छाती फुगायची.

बाईंचे सगळ्यात लाडके पेशंट म्हणजे शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका. दारूपायी त्यांची नोकरी गेली होती, बायको माहेरी निघून गेली होती. बाईंनी चिकाटीने त्यांना माणसांत आणलं. बस परत मिळाली, काकूही परतल्या. नव्या पेशंटांना बाई त्यांचंच उदाहरण द्यायच्या.

एका सकाळी काका नेहमीसारखे बसवर जाण्याआधी तपासणीला आले. बाईंनी फुंकलं, शून्य. काकांनी फुंकलं आणि मी आकडा दाखवला. काकांची मान खाली गेली. ते काहीतरी बोलणार होते, मी अगदी जवळून पाहिलं. पण बाईच घाईने म्हणाल्या, "खोकल्याचं औषध घेतलं असेल तुम्ही."

"हो... तेच असेल."

"आणि हे मशीनही आता जुनं झालंय."

काका किल्ली घेऊन बसकडे गेले. ज्या बाईंनी मला खरं बोलायला ठेवलं, त्यांनीच मला खोटं पाडलं, मित्रांनो. पाठीवर चिठ्ठी लागली आणि मी कपाटात गेलो.

थोड्याच दिवसांत काकांनी बस शाळेच्या भिंतीवर घातली. मुलं नुकतीच उतरली होती, म्हणून निभावलं. नोकरी पुन्हा गेली. काका बाईंकडे आले, तेव्हा कपाटातून मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, त्या दिवशी मशीन बरोबर होतं. मी सांगणारच होतो. तुम्ही सबब हातात दिलीत, मी घेतली."

बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्ही परत प्यायलात, हे मला मानायचंच नव्हतं."

"आता?"

"आता पहिल्यापासून. आधी मी, मग तुम्ही."

मी सावरून बसलो. दार उघडेल असं वाटलं. पण टेबलावर नवीन मशीन आलं होतं. दोघांनी त्यात फुंकलं.

बाईंनी काकांची माफी मागितली. माझी चिठ्ठी काही कोणी काढली नाही. मित्रांनो, माझ्यासारखं कोणी तुम्हाला नको ते सांगू लागलं, तर खुशाल सेल तपासा, दुरुस्तीला न्या. पण बिघडलंय म्हणण्याआधी समोरच्या माणसाला एकदा विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत गप्प बसा.