मी अडवलेलं ऊन

मित्रांनो, सगळे मला कागद म्हणतात, पण माझ्यावर आजवर कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी पॉलिहाऊसच्या छताचा प्लॅस्टिकचा कागद आहे. आता जुना झालो, फाटलो, आणि सरपणाच्या ढिगावर चार विटांखाली दबून पडलो आहे. त्याची तक्रार नाही. जे माझ्यामुळे झालं आणि मला बोलून दाखवता आलं नाही, ते मात्र सांगायचं आहे.

कारखान्यात मला ओतलं तेव्हाच माझ्या पोटात एक औषध मिसळलं होतं. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, ते मी अडवायचो. त्या किरणांवाचून पांढऱ्या माशीला वाट सापडत नाही. म्हणून माझ्याखालच्या पिकावर माशी कमी आणि रोगही कमी. माझा गुण म्हणाल तर हाच.

मी आलो एका बाप-लेकीच्या मळ्यात. बापाने चाळीस वर्षं वांगीच लावलेली. दर हंगामात सगळ्यात काळं वांगं निवडून ते झाडावरच पिवळं होईपर्यंत पिकू द्यायचं, मग त्याचं बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून बाटलीत भरायचं, हा त्याचा नेम. भाजीवाला म्हणायचा, "काका, तुमच्या वांग्यात बघून भांग पाडावा!" आदल्या वर्षी माशीने निम्मं पीक खाल्लं, म्हणून लेकीने मला आणून कमानींवर चढवलं. पहिल्याच हंगामात माशी हटली. ती मला खालून थोपटून म्हणाली, "हा कागद म्हणजे माझा पाठचा भाऊच." मी इतका फुशारलो की वारा नसतानाही फडफडलो असेन.

मग वांगी धरली. भरपूर धरली, टपोरी धरली, पण रंग विटका जांभळा, दहा वेळा धुतलेल्या कापडासारखा. भाजीवाल्याने एक उचलून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्यांना ताप आलाय का?" त्याने माल घेतला, पण दुसऱ्या ढिगात टाकला.

त्याच सुमारास बाप विसरू लागला होता. एकाच ओळीला दोनदा पाणी द्यायचा, चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचा. लेकीने दोन्ही गोष्टींची गाठ घातली.

"बाबा, बाटल्यांची अदलाबदल केलीत ना? दुसरं बी मिसळलंत तुम्ही."

"नाही गं पोरी. मी स्वतः निवडून काढलंय. असं करू, दोन रोपं बाहेर उघड्यावर लावून बघू."

"आणि माशीला आमंत्रण देऊ? उगाच काहीतरी नको, बाबा."

तो पुन्हा म्हणाला नाही. म्हातारा हट्टी असता तर किती बरं झालं असतं! दुसऱ्या हंगामात लेकीने बियांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि सांगितलं, "आता बियांना तुम्ही हात लावायचा नाही. तुमच्याकडून मिसळतं." तो मान खाली घालून उभा राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी छतावरून पाहिली, आणि चोर मीच होतो. वांग्याच्या देठाची टोपी कोणी जरा वर उचलून पाहिली असती, तर तिच्याखाली, जिथे ऊन पोचत नाही तिथे, साल पांढरी दिसली असती. रंग उन्हाने चढतो हे तेवढ्यावरून कळलं असतं. पण ती बिचारी कामाच्या रगाड्यात, आणि मला तोंड नाही.

कुलपानंतरही वांगी विटकीच आली; तिला वाटलं, बी आधीच मिसळलेलं. चौथ्या वर्षी बापाला लेकीचं नाव आठवेना. ती त्याला रोज सकाळी हाताला धरून आणायची आणि ओळींच्या मधे खुर्चीवर बसवायची. त्या वर्षी वादळात मी कमानीवर घासलो आणि मला हातभर चीर गेली. डागडुजीला कारागीर आला तो महिन्याने. तो शिडीवर चढला आणि खाली बघून थांबला. चिरेखालच्या तीन झाडांची नवी वांगी काळी कुळकुळीत होती. शेजारची सगळी फिकी.

"ताई, हा माशीचा कागद आहे," तो म्हणाला. "हा अतिनील किरण आत येऊ देत नाही. त्या किरणांपासून जीव वाचवायला वांग्याची साल रंग धरते. किरणच नाहीत तर रंग कशाला धरेल? त्या रंगातलं सत्त्वही तेवढं कमीच. बाकी बी तुमचं एकदम अस्सल."

 तिने एक काळं वांगं तोडलं आणि खुर्चीपाशी जाऊन बापाच्या हातात दिलं.

"बाबा, बी चांगलंच होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी चुकले."

त्याने वांगं फिरवलं, सालीवरून अंगठा फिरवला. चेहरा खुलला.

"छान काळं धरलंय हो. कोणी लावलं, बाई?"

"तुम्हीच, बाबा."

तो लाजून हसला आणि वांगं तिच्या ओंजळीत परत ठेवलं. "मी नाही हो. माझ्या हाती बी देत नाहीत. माझ्याकडून मिसळतं."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. मला खाली उतरवेपर्यंत रोज सांगत होती. रोज त्याला वांगं नवीन वाटे आणि रोज तो तेच उत्तर देई. त्याच्या आठवणीतून घर गेलं, लेक गेली, चाळीस वर्षांचं काम गेलं. तेवढं एक वाक्य राहिलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी उन्हात विरून जाईन. पण घरातल्या थकलेल्या माणसाला बोल लावण्याआधी पुरती खात्री करून घ्या. ती माणसं सगळं विसरतात, आणि आपण लावलेला बोल तेवढा जपून ठेवतात.