उलटा पट्टा

"टेप तू वाच," ओळंबादादा म्हणाला. "माझा चष्मा आजही घरीच राहिला."

"चष्म्याचा घरी चांगला पाहुणचार चाललेला दिसतोय," मी म्हणालो. "चार मीटर आणि वर दोन बोटं."

"बोटं कुणाची? तुझी की माझी? नीट सांग."

ओळंबा हे नाव मीच पाडलेलं. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. दादाला तो लागतच नाही. चोवीस वर्षं आम्ही दोघं लोकांच्या परसात खोट्या हिरवळीची मैदानं घालतोय, पण एकाही घरमालकाने आम्हाला दुरुस्तीसाठी परत बोलावलेलं नाही. याचं श्रेय सगळं त्याचं. माझं म्हणाल तर हातापेक्षा तोंड जास्त चालतं.

हे मैदान होतं दवाखान्यात टेलिफोन सांभाळणाऱ्या बाईंचं. बाई जन्मापासून आंधळ्या. त्यांचा खेळ घुंगरांच्या चेंडूचा: समोरून घरंगळत येणारा चेंडू आवाजावरून अडवायचा. महिन्याभरावर स्पर्धा होती, आणि उद्यापासून त्यांच्या तीन मैत्रिणी इथे सरावाला येणार होत्या. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "रेघा मला पायाला कळल्या पाहिजेत." दादाने पांढऱ्या पट्टीखाली सुतळी घातली, अनवाणी चालून बघितली, जाड वाटली म्हणून उपसली आणि बारीक घातली. असं तीनदा. त्याआधी चार दिवस तो नुसती खडी सपाट करत होता, बादल्या ओतून पाणी कुठे साचतं ते बघत होता. "जे झाकलं जाणार, तेच आधी बघायचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

आता मुद्द्याचं सांगतो. ही हिरवळ गुंडाळ्यांमध्ये येते आणि तिची पाती एका बाजूला कललेली असतात. सगळे पट्टे एकाच दिशेने पडावे लागतात, नाहीतर चेंडू एका पट्ट्यावर पळतो आणि दुसऱ्यावर रेंगाळतो. हे आमच्या धंद्यातलं अ आ इ ई. आणि त्या दुपारी बडबडीच्या नादात मी तिसरी गुंडाळी उलटी सोडली. लक्षात आलं तेव्हा खालचा गोंद वाळला होता.

मी दादाकडे बघितलं. तो पलीकडच्या टोकाला अंगठ्याने कड चाचपत होता. तेव्हा माझ्या मनात जे आलं, ते सांगायची लाज वाटते. उलटा पट्टा उन्हात रंगाने वेगळा दिसतो. पण इथे बघणार कोण? बाईंना दिसत नाही. आणि दादाचा चष्मा सहा महिने घरी का राहतोय, हे मला न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. मी गप्प बसलो. आयुष्यात गप्प बसायला हीच वेळ सापडली मला!

संध्याकाळी बाई कामावरून आल्या. चपला काढून हिरवळीवर चालू लागल्या. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. तिसऱ्यावर त्या थांबल्या, एक पाऊल मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या.

"इथे काहीतरी वेगळं आहे हो. मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं लागतंय."

दादाने बूट काढले. भिंतीला हात लावत आला आणि तळवा पट्ट्यावरून सरकवला. "बरोबर आहे, बाई," तो म्हणाला. "उलटा पडलाय. माझी चूक."

ते मात्र मला सोसलं नाही. "त्याची नाही, माझी आहे. मला दुपारीच कळलं होतं."

"दुपारीच?" दादाने विचारलं.

"हो."

त्याने पट्ट्याची कड अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "कटर दे." चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अहो, राहू दे," बाई म्हणाल्या. "उद्या सगळ्या यायच्या आहेत. आम्ही घेऊ सांभाळून."

"बाहेर रोज सांभाळूनच घेता तुम्ही. इथे तरी नको."

आम्ही पट्टा उचकटला. मी वाळलेला गोंद खरवडला, दादाने नवा लावला, मग तोच पट्टा फिरवून टाकला. सांधा त्याने अंगठ्याने जुळवत नेला. मी अगदी डोळे फाडून बघितलं, पण सांधा कुठे आहे ते मला सापडलं नाही. या माणसाच्या हाताखाली चोवीस वर्षं काढली याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला, आणि स्वतःची तितकीच चीड आली.

बाई चहा घेऊन आल्या. कप दादाच्या हातात नीट देऊन म्हणाल्या, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"पहिल्या दिवसापासून ऐकतेय. तुमचा हात भिंतीवरून घासत येतो."

दादा हसला. "वर्ष होईल. समोरचं जातंय, कडेकडेचं दिसतं. गेलेलं परत येणार नाही म्हणतात डॉक्टर. हे शेवटचं काम."

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू टेप वाचत होतास ना," तो म्हणाला. "तेवढं पुरत होतं."

मी कप विसळायला घेतले.

सकाळी पट्टे दबून राहावेत म्हणून आम्ही वाळू पसरली आणि ती पात्यांत नीट बसेपर्यंत झाडली. मैत्रिणी यायला अवकाश होता. बाई एका टोकाला चेंडू घेऊन उभ्या राहिल्या. "समोर कोण येतंय?"

मी बाह्या सावरल्या.

"तुम्ही नाही. दादा."

दादाने बूट काढून भिंतीशी शेजारी शेजारी ठेवले. मी हात धरायला पुढे झालो, तर त्याने मान हलवली. एकटाच चालत गेला, पायाने सुतळीची रेघ शोधली आणि तिच्यामागे गुडघे टेकून बसला. डोळे मिटले.

घुंगरं निघाली. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. आवाज कुठेही अडखळला नाही. दादाने दोन्ही हात पुढे केले आणि चेंडू छातीशी धरला.

"सरळ आला," तो म्हणाला.