पाकळी माझी, पान तुझं

मॉलच्या वरच्या मजल्यावर, खेळण्यांच्या दुकानासमोर, दोघी बहिणींचं टेबल होतं. पोरांच्या गालांवर फुलं रंगवून देणं हा त्यांचा धंदा. पोर आधी थोरलीसमोर बसायचं, तिथे गालावर पाकळ्या उमटायच्या. मग शेजारच्या खुर्चीवर सरकून धाकटीसमोर, तिथे त्या फुलाला देठ, पानं आणि बारीक टिंबं मिळायची. "पाकळी माझी, पान तुझं," असं थोरलीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि थोरलीने ठरवलं की ते ठरलं.

सोय होती त्यात, नाही कशाला म्हणा. रांग भराभर सरकायची. पण रांग संपल्यावरही, रिकाम्या दुपारीसुद्धा, थोरलीचा चपटा ब्रश धाकटीच्या हातात कधी आला नाही.

धाकटीची जीभ मात्र कुणाच्या ताब्यात नव्हती. एखादी आई कौतुकाने विचारायची, "तुम्ही दोघी मिळून करता का?" तर ही लगेच, "ही फुलं काढते, मी लोकांच्या तोंडाला पानं पुसते. अगदी सगळ्यांदेखत!" थोरली डोळे वटारायची. "थोबाड रंगवीन हं तुझं."

"रंगव की. धंदाच आहे आपला."

पोरं खिदळायची आणि थोरली ओरडायची. काम चालू असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, हा तिचा कडक नियम होता. गाल हलला की पाकळी वाकडी. तिच्यासमोर बसलेलं वांडातलं वांड कार्टंही मूग गिळून बसायचं.

धाकटीला एक अख्खं फूल काढायचं होतं. एवढीच तिची हौस. घरी ती स्वतःच्या दंडावर, गुडघ्यावर, उपड्या ताटलीवर पाकळ्या काढत बसायची. चपट्या ब्रशच्या एका कडेला गुलाबी, दुसऱ्या कडेला पांढरा घ्यायचा. टेकवायचा, दाबून वळवायचा, उचलायचा. सगळं बरोबर करायची, तरी पांढरी कड गुलाबीत विरघळायची आणि पाकळी ओघळून खाली यायची. "हात बसायला वेळ लागतो," थोरली म्हणायची. धाकटी ताटली धुवायची आणि पुन्हा बसायची.

खरी गोष्ट हाताची नव्हती, पाण्याची होती. पानं आणि देठ काढायला रंग शाईसारखा पातळ लागतो, ओला ब्रश लागतो, आणि धाकटीला सवय त्याचीच. पाकळीला ब्रश नुसता दमट हवा. थोरली ब्रश पाण्यात बुडवला की मांडीवरच्या फडक्याला टेकवायची आणि मगच रंगाच्या वडीवर फिरवायची. फडकं टेबलाखाली, आणि बघणाऱ्याचे डोळे गालावर. ते कुणाला दिसायचंच नाही. खरं तर आपण असं करतो हे थोरलीलाही माहीत नव्हतं, इतकं ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

मग ती नाटकवाली मंडळी आली. मुलांची नाटकं घेऊन ते गावोगाव हिंडायचे, आणि त्यांना रंगभूषेसाठी एक माणूस हवं होतं. त्यांच्यातल्या एकीच्या मुलाच्या गालावरची पानं बघून तिनेच धाकटीला सांगितलं, "येऊन बघ ना. गालावर एक फुलांचा वेल काढून दाखवायचा. रंगवायला चेहरा मात्र तुझा तू आणायचास."

धाकटी घरी आली ती उडतच. "ताई, आता तरी पाकळी शिकव. नीट. या आठवड्यात."

"शिकवते की," थोरली म्हणाली.

आई गेल्यापासून दोन खोल्यांच्या त्या घरात दोघीच होत्या. थोरली अबोल, घरात जो काही आवाज होता तो धाकटीचा. भांडी घासताना बडबड, केस विंचरताना बडबड, दिवे मालवल्यावर अंधारातही बडबड. ही गेली तर आपण सकाळी उठून कुणावर ओरडायचं, हे थोरलीला सुचेना. तिला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर. पण 'जाऊ नकोस, मला भीती वाटते' हे तिच्यासारख्या बाईच्या तोंडून निघायला दुसरा जन्म लागला असता.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवायला घेतलं. ब्रश पाण्यात बुडवला, हात आपसूक खाली गेला, मांडीवरच्या फडक्याला टेकला आणि वर आला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा थोरलीने स्वतःचा हात पाहिला. ताटलीवर पाकळी टणटणीत उभी राहिली. धाकटीची नजर ताटलीवरच खिळलेली होती.

आता सांगावं म्हणून थोरलीने तोंड उघडलं. बाहेर आलं ते, "मनगट सैल ठेव."

पुढेही तिने पुष्कळ सांगितलं. ब्रश किती कलता धरायचा, दाब कुठे कमी करायचा, पाकळी बाहेरून आत कशी ओढायची. खोटं एक अक्षर बोलली नाही. एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल, आणि तेवढ्याने काही होत नाही.

परीक्षेला धाकटीने चेहरा थोरलीचाच नेला. "तुझ्याइतकं गप्प दुसरं कोण बसणार आहे?" ती म्हणाली.

रंगमंचामागच्या खोलीत आरशांना दिवे लावलेले होते आणि पावडरीचा वास कोंदला होता. मंडळीची रंगभूषा बघणारी पिकल्या केसांची बाई हाताची घडी घालून मागे उभी राहिली. इतकी वर्षं दुसऱ्यांचे गाल रंगवले, पण ब्रशच्या या बाजूला थोरली कधी बसलीच नव्हती. धाकटीने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली. लहानपणी थोरली हिची हनुवटी अशीच धरून तोंड पुसायची. मग ब्रश गालाला लागला, आणि तो गार होता. गच्च ओला होता.

पहिल्या पाकळीलाच थोरलीला कळलं. गालाच्या हाडावर पाणी साठतंय, थेंब जड होतोय, हे तिला आतून दिसत होतं. "टिपून घे" एवढे दोनच शब्द. अजून एकच पाकळी झाली होती, पुसून पुन्हा काढता आली असती. पण काम चालू असताना बोलायचं नाही, हा नियम तिचाच होता, आणि त्या नियमाच्या आडोशाला ती बसून राहिली. दुसरी पाकळी झाली. तिसरी. थेंब सुटला आणि जबड्यावरून मानेत उतरला.

मग धाकटीने पानं काढली. ती मात्र पिसासारखी हलकी, एकेका झटक्यात.

पिकल्या केसांच्या बाईने दिवा जवळ ओढून पाहिलं. "पानं सुरेख आहेत ग. अशी पानं मलाही जमत नाहीत. पण फूल वाहून गेलंय, बाळा. आमच्याकडे एकटीला सगळं करावं लागतं. पाकळी पक्की झाली की ये पुन्हा, आम्ही या बाजूला फिरकलो तर."

बाहेर पायरीवर धाकटीने रुमाल ओला करून थोरलीचा गाल पुसला. "सॉरी ताई. उगाच तुझा दिवस खाल्ला मी."

थोरलीच्या मनासारखं झालं होतं. धाकटी कुठेही जाणार नव्हती. रात्री मात्र ती पानात वाढलेलं नुसतं चिवडत बसली, आणि समोर धाकटी खाली मान घालून मुकाट जेवत होती.

ती मुकाटच राहिली. ताटलीवर पाकळ्या काढणं थांबलं. मॉलमध्ये कुणी विचारलं तर "हो, दोघी मिळून" म्हणायची आणि पुढचा गाल धरायची. रुसली होती म्हणावं तर तसंही नाही. विचारलं की बोलायची, सांगितलं की करायची. जिच्या बडबडीसाठी एवढा खटाटोप केला ती घरात होती, आणि बडबड कुठेतरी निघून गेली होती. थोरली आता मुद्दाम दूध उतू जाऊ द्यायची, निदान ओरडेल तरी म्हणून. धाकटी उठून गॅस बंद करायची आणि ओटा पुसायची.

शेवटी एका रिकाम्या दुपारी थोरलीला ते सोसेना. ती आपल्या खुर्चीवरून उठली.

"इकडे बस. आज पाकळी तू काढ."

"नको ग ताई. माझा हात पानांचाच."

"बस म्हणते ना." तिने चपटा ब्रश धाकटीच्या हातात दिला, फडकं तिच्या मांडीवर टाकलं आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "पाण्यातून काढलास की आधी याला टेकव. पाणी टिपून घे. मग रंग."

धाकटीने टिपलं. रंग घेतला. स्वतःच्या मनगटावर ब्रश टेकवला, वळवला, उचलला. पाकळी उभी राहिली, पांढरी कड सुरीसारखी. धाकटीच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू फुटलं. तिने दुसरी काढली. तिसरी काढता काढता ब्रश हवेतच थांबला आणि ते हसू हळूहळू गेलं.

"हे तू नेहमी करतेस?"

"हो."

"तू शिकवत होतीस तेव्हाही केलंस?"

"हो."

धाकटीने हात पुढे केला आणि थोरलीच्या गालाला, हाडाच्या जरा खाली, बोट लावलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "मग त्या दिवशी तुला इथे ओलं लागलं असेल ना ग?"

सांगण्यासारखं थोरलीकडे खूप होतं. आई, घर, भीती, सगळं जिभेच्या टोकावर आलं. "लागलं," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगितला आणि तो नीट समजला. तेवढ्यात नेहमी येणारी एक मुलगी पळत आली आणि धाकटीसमोरच्या खुर्चीवर चढून बसली. धाकटीने तिची हनुवटी धरली. ब्रश बुडवला, टिपला, आणि एकेक करून पाच पाकळ्या काढल्या. थोरलीने सवयीने शेजारच्या खुर्चीवर बसून गोल ब्रश हिरव्यात भिजवून ठेवला. पण धाकटीने हात लांब करून दुसरा गोल ब्रश उचलला आणि देठ, पानं, टिंबं, सगळं तिथेच पुरं केलं.

मुलीने आरशात पाहिलं, खुर्चीवरून उडी मारली आणि रोजच्यासारखी शेजारच्या खुर्चीकडे वळली.

"तिकडे नाही जायचं, बाळा," धाकटी म्हणाली. "झालंय तुझं."